मांढरदेवीच्या वाटेवरच्या पंक्चरवाल्या आबांना

आबा, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मला माहीत आहे, पण इथे लिहीत नाही. गावाचंही नाही. भोरहून मांढरदेवीकडे निघालं की आंबवड्याच्या पुढे, घाट लागायच्या आधी तुमचं दुकान आहे, एवढं पुरे. नातू मोबाइलवर वाचून दाखवेल तेव्हा तुम्हाला कळेलच. निघताना तोंडी आभार मानले होते, पण दोन शब्दांत आटपणारी गोष्ट नव्हती ती.

आम्हा पुण्याच्या सायकलवाल्यांचा तुमचा रस्ता फार लाडका आहे. कापूरहोळला हायवे सोडला की ट्रकांची घरघर मागे पडते. मग भाटघर धरणाची भिंत, नीरेचं पाणी, भोरचा बाजार, आंबवड्याचा संस्थानकाळातला झुलता पूल. पुढे रस्ता चढायला लागतो तो थेट काळूबाईच्या डोंगरापर्यंत, साडेचार हजार फुटांवर. पलीकडच्या उतारावर वाई. शाकंभरी पौर्णिमेची जत्रा सोडली, आणि मंगळवार-शुक्रवारची गर्दी टाळली, तर सकाळी या रस्त्यावर आपल्याच श्वासाचा आवाज ऐकू येतो. त्या दिवशी भातकापणी नुकतीच झाली होती. ठिकठिकाणी डांबरावर भात वाळत घातलेला, त्याला वळसा घालून जायचं, एवढीच काय ती रहदारी.

मात्र पावसाळ्यानंतर खड्ड्यांत जी खडी टाकतात ती गाड्यांच्या चाकांनी उडून कडेला येते, आणि सायकलची जागा कडेलाच. तसल्याच एका टोकदार खडीने माझ्या मागच्या टायरची बाजू चिरली. साधं पंक्चर असतं तर तुमची माझी गाठ पडलीच नसती. जादा ट्यूब, पंप, लिव्हर सगळं मी बाळगते आणि हात काळे करायला मला काही वाटत नाही. पण टायरची भिंत फाटली की नवी ट्यूबसुद्धा चिरेतून फुगून बाहेर येते. आमच्या या बारक्या टायरांत ऐंशी-नव्वद पौंड हवा लागते, मोटरसायकलच्या अडीच-तीन पट. माझी जादाची ट्यूबही तशीच, फाडकन गेली.

आता जरा दुसऱ्यांबद्दल. नावं घेत नाही, पण बोलल्याशिवाय राहवतही नाही.

ज्या ग्रुपबरोबर मी निघाले होते त्याच्या जर्सीवर 'कुणालाही मागे सोडायचं नाही' असं छापलंय. पाठीवर छापलंय, म्हणजे मागे राहिलेल्याला नीट वाचता यावं. मंडळी पुढे निघून गेली, आणि रेंज आली तेव्हा कळलं की ती वाईत जेवायला बसली आहेत आणि 'काही लागलं तर सांग.' मग ज्या दुकानातून टायर घेतला तिथे फोन केला. घेताना त्या गृहस्थांनी मला अर्धा तास टायरच्या धाग्यांची वीण समजावली होती. आता म्हणाले, "मॅडम, कट वॉरंटीत येत नाही, सोमवारी घेऊन या." वॉरंटी कुणी मागितली होती? चिरेच्या आतून काय लावू, एवढंच विचारत होते. आणि एक मोठी गाडी, मागे सायकलींचा कॅरियर लावलेली, शेजारी येऊन हळू झाली. काच खाली आली, आतल्या पोराने माझा फोटो काढला, "ऑल द बेस्ट!" म्हणाला, आणि काच वर गेली.

पेडलला अडकणारे क्लीटचे बूट घालून डांबरावर टकटक करत, सायकल ढकलत मी तुमच्या दारात आले ती अशी. तोवर कुणी काही विचारलं तर रडूच येईल अशी गत झाली होती.

तुम्ही काहीच विचारलं नाहीत. "बसा ताई. बघू काय झालंय ते," एवढंच. सुनेने पाणी दिलं, बूट काढायला लावून तिच्या चपला पुढे सरकवल्या. आणि सायकल उलटी करायची वेळ आली तेव्हा तुम्ही थांबलात. खाली सगळी खडी आणि ऑइल. खांद्यावरचा पंचा काढलात, झटकलात, दुहेरी केलात आणि जमिनीवर अंथरलात. मग सायकल दोन्ही हातांनी उचलून सीट आणि हँडल अलगद त्या पंच्यावर टेकवलंत. धुतलेला, पांढरा पंचा होता तो. आता त्याला ऑइलचा डाग पडणार हे तुम्हाला दिसत होतंच.

आबा, ही सायकल मी चकचकीत दुकानांत नेलेली आहे. तिथे ती हुकाला लटकते, भिंतीला टेकते, पोरगा एका हाताने फिरवून दुसऱ्या हाताने फोनवर बोलत असतो. तिच्याखाली आजवर कुणी काही अंथरलं नव्हतं. त्या पंच्याने माझा जो जीव भांड्यात पडला तो टायर दुरुस्त झाल्यावरही पडला नाही. या माणसाच्या हातात दिलंय, आता काळजी नाही, हे तिथेच कळलं.

पुढचं काम मी बघत बसले. तुम्ही टायर आतून बोटाने चाचपलात, चीर सापडल्यावर ती वाकवून उजेडात धरलीत. कोपऱ्यातल्या ढिगातून एक जुना टायर ओढून त्याचा दोन बोटं रुंद तुकडा कापलात. गेटर, म्हणजे चिरेला आतून द्यायचं हे ठिगळ, नुसता आत कोंबला तरी चालतो असं मला वाटायचं. तुम्ही मात्र त्याच्या चारही कडा कानशीने घासत बसलात, पापडासारख्या पातळ होईपर्यंत. का, विचारलं तर म्हणालात, "कड जाड राह्यली का तीच ट्यूब कापती. धा किलोमीटरवर परत बसताल रडत." मग सोल्यूशन, मग फुंकर, मग अंगठ्याने दाबून धरणं. घाई नाही. माझ्या दोन्ही ट्यूबांतली त्यातल्या त्यात शहाणी निवडून तिलाही पॅच मारलात. तुमच्या कॉम्प्रेसरचं तोंड आमच्या बारीक वॉलला बसेना तेव्हा माझा वीतभर पंप घेऊन तुम्हीच हवा भरत राहिलात, मधूनमधून चाक कानाशी धरून.

आणखी एक गोष्ट मनात नोंदली गेली. रस्त्यात भेटणारं प्रत्येक माणूस आम्हाला पहिला प्रश्न विचारतं तो "केवढ्याला घेतली?" तुम्ही विचारलंत, "ब्रेक लागतो का नीट? वाईकडं उतार लई हाय." आणि उत्तराची वाट न बघता चाक फिरवून ब्रेक दाबून बघितलात. मग म्हणालात की तरुणपणी तुम्ही दुधाच्या किटल्या भोरला सायकलवर न्यायचात, काळ्या ॲटलसवर. ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना २०२० साली बंद पडला, तोही ३ जूनला, नेमका जागतिक सायकल दिनाच्या दिवशी, हे मी सांगितल्यावर तुम्ही बराच वेळ गप्प होतात. मग "चांगला माल होता" एवढंच म्हणालात.

पैसे तुम्ही घेतलेत, रीतसर. पंक्चरचे आणि गेटरचे मिळून साठ रुपये. मी शंभर ठेवून उठले तर चाळीस मोजून हातात दिलेत, "कामाचं झालं की." म्हणून मी तुम्हाला देवमाणूस वगैरे म्हणणार नाही. देवमाणूस म्हटलं की बाकीच्यांची सुटका होते, मग दुकानदाराने दुकानदारासारखं आणि सोबत्याने सोबत्यासारखं वागायची गरज उरत नाही. तुम्ही तुमचं काम केलंत, आणि जिचं केलंत ती पुन्हा गिऱ्हाईक म्हणून यायची शक्यता फारशी नव्हती, तरी कडा घासल्यात. अशी माणसं त्या सगळ्या पट्ट्यात आहेत. घाटात मागून हॉर्न न वाजवता वळण संपेपर्यंत थांबणारे एसटीचे ड्रायव्हर आहेत, हंडा टेकवून आधी आमची बाटली भरून देणाऱ्या बाया आहेत. आम्ही त्यांच्या गावांना फोटोतली हिरवळ समजतो, हा आमचा दोष.

मी घाट चढले, खिंडीतून वाईला उतरले, टायर तसूभर हलला नाही. अजून तोच आहे. नवा घ्या असं सगळे सांगतात, पण तुमचा गेटर झिजल्याशिवाय मी काढणार नाही.

भोरला येणाऱ्या एका ओळखीच्यांबरोबर एक पुडकं पाठवतेय. त्यात दोन पितळी अडॅप्टर आहेत, बारीक वॉलवर फिरवून बसवले की तुमच्या कॉम्प्रेसरने थेट हवा भरता येते. फक्त हवा बेताने, नव्वदच्या वर नको. आमच्या मापाच्या चार ट्यूबाही आहेत. त्या फुकट देऊ नका, आमच्यातल्या पुष्कळांना परवडतात. आणि पंचा पाठवलाय एक. तो मात्र दुकानात वापरू नका.

तुमची,
पिवळ्या हेल्मेटवाली ताई