भाजीची काळजी करू नकोस

पॅरिस, रविवार

ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

मी डबाबंद खाऊन राहत नाही गं. आलिग्रचा बाजार घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे, सोमवार सोडून रोज सकाळी भरतो. मेथी, कढीपत्ता ‘ला शापेल’ भागातल्या तमिळ दुकानांत मिळतात. तेव्हा तो विषय संपला.

एकच गोष्ट तुला पटणार नाही. इथे मालाला हात लावायचा नसतो. भेंडीचं टोक मोडून पाहिलंस तर भाजीवाला ओरडेल. आधी ‘बाँझूर’ म्हणायचं. त्याशिवाय भाव विचारणं उद्धटपणाचं. मग किती हवं ते सांगायचं. अर्ध्या किलोला ‘लिव्र’ म्हणतात. खरबूज मागितलं की तो विचारतो, कधी कापणार? आज म्हटलं तर देठाभोवती बारीक चीर गेलेलं, वास सुटलेलं देतो. परवा म्हटलं तर देठ घट्ट असलेलं. दोन्ही दिवसांसाठी हवं असेल तर दोन वेगळी निवडून देतो. प्रत्येकाने जर्दाळू-पीच दाबून पाहिले तर दुपारपर्यंत सगळे डागाळतील, म्हणून हा नियम. बाबा म्हणतील, सडका माल गळ्यात मारतात. तसं नाही. भाव, माल कुठला आणि प्रत कोणती, हे पाटीवर लिहावंच लागतं, आणि रोजचं गिऱ्हाईक कोणी तोडत नाही.

कोथिंबीर मात्र बघून घ्यावी लागते. शेजारीच ‘पेर्सी’ची, म्हणजे पार्स्लीची, जुडी असते, पानं अगदी तशीच, पण वास वेगळा, आमटीत घातली तर चव जाते. दुपारी बाजार उठताना भाव पडतात, पण तो माल त्याच दिवशी संपवायचा. स्ट्रॉबेरीची टोपली उचलून खालून बघायची, बुरशी तिथूनच लागते. पिशवी आणि सुटे युरो आपले न्यायचे.

या महिन्यात 30,000 च पाठवलेत, खोलीची अनामत भरावी लागली. पुढच्या महिन्यात उरलेले नक्की. त्यासाठी बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन थांबवू नका. दादाच्या साखरपुड्याचे फोटो पाहिले. छान झालं सगळं! तुझ्या शेजारची खुर्ची रिकामी ठेवली होतीस, तेही दिसलं. लग्नाचा मुहूर्त मार्गशीर्षातला काढा, तेव्हा मला रजा मिळते. तारीख ठरली की लगेच कळव, तिकीट काढते.

तुझी,
धाकटी