माकडतापाची पावडर आणि आमच्या मधपेट्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी दोडामार्ग तालुक्यातला काजू बागायतदार, आणि गेली काही वर्षं बागेत सातेरीच्या, म्हणजे आपल्या देशी मधमाशीच्या, पेट्या पण ठेवतो. तुमच्या पेपरात मागच्या आठवड्यात मधमाशीपालनाला प्रोत्साहन, पेट्यांना अनुदान अशी बातमी होती आणि त्याच अंकात आतल्या पानावर माकडतापाचा सीझन जवळ आला, काळजी घ्या अशी दुसरी बातमी होती. दोन्ही वाचल्या आणि वाटलं की या दोन बातम्या ज्या एका बागेत एकत्र येतात त्या बागेत राहणाऱ्याने लिहायला पाहिजे, म्हणून हे पत्र, जरा मोठं झालं तर सांभाळून घ्या.

माकडताप हा आमच्याकडे नवीन शब्द, पण रोग जुना आहे. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं पटापट मरायला लागली, मागोमाग माणसं आजारी पडली आणि पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरने, म्हणजे आताच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, हा विषाणू शोधून काढला. पुढे कित्येक वर्षं आम्हाला वाटायचं तो कर्नाटकातला रोग. मग २०१५ ला गोव्यात सत्तरीतल्या पाली गावात काजू गोळा करणाऱ्या लोकांना झाला, २०१६ ला आमच्या तालुक्यात केर गावात आला आणि २०१७ ला बांद्यात तर घरोघरी पेशंट होते. पसरतो गोचडीमुळे. माणसाकडून माणसाला होत नाही हे मुद्दाम लिहितो, कारण तेव्हा बांद्यातल्या पाहुण्यांना लोक घरात घ्यायला घाबरत होते. शंभरातली तीन ते पाच माणसं यात दगावतात, आणि वाचलेला माणूस सुद्धा महिना महिना कामाला उभा राहत नाही.

आता आमचं वेळापत्रक बघा. चावणारी बारकी गोचीड, खसखशीच्या दाण्याएवढी, अंगावर असली तरी कळत नाही, ती जोरात असते साधारण डिसेंबर ते मे. काजूचा मोहोर, बी गोळा करणं, भाजावळीसाठी, म्हणजे भाताच्या रोपाची जमीन भाजायला, पातेरा (सुका पाला) गोळा करणं हे सगळं त्याच महिन्यांत. आमच्या घरातल्या आणि वाडीतल्या बायका वाकून दोन्ही हातांनी पातेरा ओढतात, त्याचा भारा बांधून डोक्यावर घेतात आणि पाऊण तास चालत आणतात, म्हणजे पातेरा केसांत, मानेवर, पाठीवर सगळीकडे. शिमोग्यात जो अभ्यास झाला त्यात घराजवळ सुक्या पाल्याचे ढीग असणं हे आजाराचं एक कारण निघालं होतं. ते वाचलं तेव्हा मला आमची मांगराच्या, म्हणजे बागेतल्या घराच्या, मागची पातेऱ्याची रास डोळ्यासमोर आली. तिकडे सापडलेली गोष्ट इकडे भाजावळ करणाऱ्या बाईपर्यंत कुणी पोचवली? तिला फक्त 'जंगलात जाऊ नका' सांगितलं. बाग म्हणजेच जंगल आहे आमच्याकडे, मग जायचं कुठे?

साथ आली त्या वर्षी माझ्या चुलतभावाला मार्च महिन्यात अचानक ताप आला, थंडी वाजून, डोकं आणि पिंढऱ्या इतक्या दुखायच्या की खाटेवरून उतरवेना. पहिले चार दिवस व्हायरल म्हणून गोळ्या दिल्या, मग हिरड्यांतून रक्त आल्यावर रक्ताचा नमुना जिल्ह्याबाहेर गेला, आणि रिपोर्ट आला तेव्हा तो घरी येऊन पेज खात होता. वाचला, देवाची कृपा. पण तो ज्या बागेत काम करत होता तिथे त्याच्या आधी दहा-बारा दिवस माकड मरून पडलं होतं. माझ्या आईने ते बघितलं होतं, मला म्हणाली होती, "थंय जाव नको, माकड मरान पडला हा." आम्ही फोन केला, लोक आले, माकड नेलं, आणि त्या माकडाचं पुढे काय निघालं ते आजपर्यंत आम्हाला कुणी सांगितलेलं नाही. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचडी खाली उतरतात आणि तीच जागा सगळ्यात धोक्याची होते, म्हणजे तो रिपोर्ट आधी कुणाला पाहिजे? तिथे बी गोळा करणाऱ्याला.

आणि आता खरा मुद्दा, ज्यासाठी मी बसलोय. माकड मेलेल्या जागेभोवती मॅलॅथिऑन या कीटकनाशकाची पावडर मारतात. मारायलाच पाहिजे, त्याला माझा अजिबात विरोध नाही, माणसाचा जीव आधी. पण ही पावडर मधमाशीला विष आहे. आमच्या वाडीत मारली ती सकाळी साडेनऊ-दहाला, ऐन मोहोरात, माझ्या चार पेट्यांपासून पन्नास-साठ पावलांवर, आणि कुणी एक शब्द आधी बोललं नाही. संध्याकाळी पेटीसमोर गेलो तर दाराच्या फळीवर आणि खाली मातीत माश्यांचा थर, काही अजून पाय हलवत गोल गोल फिरत होत्या, जीभ बाहेर. आतल्या माश्या मेलेल्यांना ओढून बाहेर टाकत होत्या आणि टाकता टाकता त्याच पडत होत्या. चारातल्या तीन पेट्या आठवड्यात रिकाम्या झाल्या. आदल्या दिवशी फक्त एक निरोप आला असता तरी मी काय केलं असतं? संध्याकाळी सगळ्या माश्या आत आल्या की जाळी लावून दार बंद आणि रात्री टेम्पोत घालून तीन-चार किलोमीटर लांब. एवढंच काम आहे ते.

काजूला माशीचं काय एवढं, असं काही लोक म्हणतात. काजूच्या मोहोरात नर फुलं खूप आणि बी धरणारी द्विलिंगी फुलं कमी, पराग चिकट असतो, वाऱ्याने जात नाही, तो न्यायला किडा-माशीच लागते. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने आम्हाला कलमं दिली, छाटणी शिकवली, आमची पिढी त्या कलमांवर उभी आहे हे मी कुठेही सांगेन. ढेकण्या, म्हणजे काजूचा रस शोषणारा किडा, त्याच्यासाठी फवारणीचं वेळापत्रक पण आहे, पालवीला, मोहोराला, फळधारणेला. पण मोहोरातली फवारणी, माकडतापाची पावडर आणि मधपेटी या तीन गोष्टी एकाच महिन्यात एकाच बागेत आल्या तर काय करायचं, असा एक कागद मला कुठल्याच ऑफिसात मिळाला नाही. पेटी देणारं खातं वेगळं, पावडर मारणारं वेगळं, माकड उचलणारं वेगळं, गुरांचं वेगळं. आणि गुरं तर यात मधोमध आहेत, मोठी गोचीड गुरांच्या अंगावर पोसते, आणि तीच गुरं आमच्या बागेत चरतात.

उरलेल्या एका पेटीचं पण ऐका. पुढच्या वर्षी तिच्यात पिल्लावळ मरायला लागली. काडीने एक अळी उचलली तर पातळ पिशवी पाण्याने भरल्यासारखी लोंबत वर आली, डोकं काळपट आणि होडीसारखं वळलेलं. जुन्या मधपाळाला दाखवलं, तो म्हणाला सॅकब्रूड वाटतो, म्हणजे अळ्यांना होणारा विषाणूचा रोग. याच थाई सॅकब्रूडने १९९१-९२ च्या सुमाराला केरळ-कर्नाटकातल्या सातेरीच्या वसाहती जवळपास साफ केल्या होत्या. मी अळ्या घालून डबी पाठवली, उत्तर आलं, फोटो पाठवा. फोटोवरून विषाणू कसा कळणार हो? पुण्याला १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था आहे, महाबळेश्वरला मध संचालनालय आहे, त्याच तालुक्यातलं मांघर २०२२ ला देशातलं पहिलं मधाचं गाव झालं, फार चांगलं काम आहे, बघून आलोय मी. पण तिकडचं जंगल हिरडा-जांभूळ-कारवीचं, आमचं काजू-आयन-किंजळचं, आणि आमच्याकडे माकडताप आहे. तिकडचं पुस्तक इकडे पूर्ण लागू पडत नाही.

मग मधाचाच प्रश्न. पावडर मारलेल्या बागेतल्या पोळ्यातला मध मी विकला नाही, ओतून टाकला. पण किती दिवसांनी तो मध खायला सुरक्षित, हे कुणी तपासून सांगेल का? माझ्याकडे गोव्यातली गिऱ्हाईकं येतात, लहान मुलांना देतात मध. अंदाजाने कसं सांगू त्यांना.

अजून एक गोष्ट, ही माझी समजूत आहे, चुकीची असेल तर तज्ज्ञांनी सांगावं. गोव्यात बोंडू, म्हणजे काजूचं फळ, पिळून फेणी होते, २००९ पासून तिला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, पण आहे, त्यामुळे बोंडूला मालक आहे. आमच्याकडे बी पिरगाळून घेतली की बोंडू झाडाखालीच कुजतो, बागेत फेब्रुवारी-मार्चात नुसता आंबूस वास. त्या बोंडवावर माकडं उतरतात, आणि माकडं उतरली की गोचडी उतरणार. बोंडवाचा रस घशाला धरतो म्हणून लोक घेत नाहीत, पण साबुदाण्याच्या पेजेने तो तुरटपणा खाली बसतो आणि सरबत झकास लागतं, आम्ही घरी करतो. तर बोंडू उचलला तर बागेत माकडं आणि गोचडी कमी होतात का, हे दोन वाड्यांत दोन सीझन मोजून बघावं. फळप्रक्रियेचा अभ्यास आणि रोगाचा अभ्यास एकच होईल की नाही?

आणि तिलारीकडचे हत्ती, त्यांचं तर मी बोलतच नाही, फक्त एवढंच की खादी आयोगाने २०२१ ला कर्नाटकातल्या कोडगूत हत्तींना अडवायला मधपेट्यांची रांग लावून बघितली होती. तसं उद्या इकडे केलं तर त्या पेट्या पण याच पावडरीच्या पट्ट्यात येणार, तेव्हा आधी विचार करा.

नागपूरला २०२२ च्या डिसेंबरात 'वन हेल्थ' राष्ट्रीय संस्थेची पायाभरणी झाली, माणूस, जनावर, जंगल यांचे रोग एकत्र बघायचे म्हणून. कल्पना एकदम बरोबर आहे, आमच्या बागेला तीच पाहिजे. पण दोडामार्ग ते नागपूर राज्याची दोन टोकं आहेत. शिमोग्याला रोग जिथे आहे तिथेच विषाणू निदान प्रयोगशाळा ठेवली. आमचं मागणं तसंच आहे. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात एक छोटं केंद्र, निदान डिसेंबर ते मे पूर्ण वेळ चालणारं, जिथे मेलेलं माकड, तापाचा पेशंट, गुरांवरची गोचीड, मेलेली माशी आणि मधाची बाटली हे सगळं एका दारात तपासायला देता येईल, आणि जो देईल त्याला रिपोर्ट मिळेल. माणसं कृषी विद्यापीठाची, आरोग्य खात्याची, पशुसंवर्धन आणि वनखात्याची बसवा, नवीन भरती नको म्हणत असाल तर. कर्नाटकातली जुनी लस परिणाम कमी म्हणून बंद केली, नवीनचं काम चालू आहे असं वाचतो, ती येईपर्यंत आम्ही अंगाला तेल चोळूनच बागेत जाणार आणि घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ करणार, दुसरं काय आहे आमच्या हातात?

तुम्हाला एक विनंती आहे, ती केंद्राची वाट न बघता करता येईल. पावसाळ्यात तुम्ही रोज तालुक्यावार पावसाचे आकडे छापता. तशीच डिसेंबरपासून एक छोटी चौकट छापा: कुठल्या गावात कुठल्या वाडीत माकड मेलं, तपासणीत काय आलं, आणि पावडर कधी मारणार. आमच्याकडे पेपर सकाळी आठच्या एसटीने येतो. पावडर दुसऱ्या दिवशीची असली तरी पेट्या हलवायला रात्र मिळते.

आपला,
एक काजू बागायतदार व मधपाळ,
दोडामार्ग तालुका, जि. सिंधुदुर्ग