दरवाजे उघडण्याआधी भोंगा तरी वाजवा

प्रति,
मा. केंद्रीय वाणिज्य मंत्री महोदय,
नवी दिल्ली.

स. न. वि. वि.

मी लातूर जिल्ह्यातल्या मांजरा काठच्या एका गावात राहते. घरची पाच एकर जमीन आहे, तीन एकर सासऱ्यांच्या नावावर आणि दोन माझ्या. मालकांच्या मणक्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना जड काम होत नाही. त्यामुळे पेरणीपासून बाजारापर्यंत सगळं मीच बघते. आपण देशाच्या व्यापाराचा एवढा मोठा कारभार सांभाळता, त्यात माझ्यासारखीचं पत्र वाचायला आपल्याला वेळ मिळावा, एवढी विनंती करून सुरुवात करते.

मागच्या सोमवारी मी सोयाबीन विकलं. बावीस कट्टे, अकरा क्विंटल. खरेदीदारानं राशीत हात घातला, चार दाणे दाताखाली धरले, "डागी आहे, हवा धरलीय" म्हणाला आणि ३,६५० वर सौदा सोडला. माझ्याकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही, शेजारच्या आडतीवरच्या माणसाशीच बोलत होता. यंदाचा, म्हणजे २०२५-२६ चा, सरकारी हमीभाव ५,३२८ रुपये. क्विंटलमागं १,६७८ रुपये कमी, म्हणजे अकरा क्विंटलला १८,४५८. पट्टीच्या, म्हणजे विक्रीच्या पावतीच्या, मागच्या कोऱ्या बाजूवर मी ही वजाबाकी तीनदा केली. काढणीचा गुत्ताच एकरी पाच हजार झाला होता. बियाणं, खत, फवारणी आणि सोसायटीचं कर्ज हे सगळं वेगळंच.

तुम्ही म्हणाल, हमीभाव होता तर केंद्रावर का नाही नेलं? नेणारच होते. पण यंदा राज्यात हमीभावाची खरेदी सुरू झाली नोव्हेंबरच्या मध्याला. दिवाळी झाली ऑक्टोबरात. आमचं सोयाबीन दसऱ्याच्या आगेमागे निघतं, मजुरांचे पैसे त्याच आठवड्यात द्यावे लागतात आणि पोरीची फी दिवाळीच्या सुट्टीआधी भरायची असते. तरीही निम्मा माल मी थांबवून ठेवला. सातबारा, आधार, पासबुक, ई-पीक पाहणी, सगळं घेऊन सासऱ्यांना नोंदणीला नेलं. तिथं मशीनवर अंगठा लावायचा होता. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, सगळा जन्म खुरपं आणि कासरा धरण्यात गेला. अंगठ्यावर रेघच उरलेली नाही. ओल्या फडक्यानं पुसला, तेल लावलं, उजवा झाला, डावा झाला. मशीन काही घेईना. मागची रांग ओरडायला लागली. मामंजी हात खाली घेऊन बाजूला झाले आणि घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. पुढच्या सोमवारी मी उरलेला माल आडतीवर नेला. ती ही पट्टी.

आता यात वाणिज्य मंत्र्यांचा काय संबंध, असं आपल्याला वाटेल. संबंध आहे साहेब, आणि तोच सांगायला हे पत्र लिहितेय.

सप्टेंबरात आमच्याकडे काय झालं ते आपण टीव्हीवर बघितलं असेल. २०१६ ला ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं प्यायचं पाणी आणावं लागलं, त्याच लातुरात यंदा सोयाबीनच्या शेंगांना झाडावरच कोंब फुटले. नदीकडची माझी दोन एकर तर मातीसकट गेली. धरणाचे दरवाजे उघडणार होते, तेव्हा गावात भोंगा वाजला, तलाठ्याचा मेसेज आला, रात्री दवंडी फिरली. आम्ही जनावरं सोडून वरच्या अंगाला नेली. नदीकडचं पीक गेलं, पण दावणीचं एकही जनावर गेलं नाही, कारण आम्हाला आधी कळलं होतं.

तुमचे आयातीचे दरवाजे उघडतात तेव्हा कुणी भोंगा वाजवत नाही.

सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारनं कच्च्या खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढवलं. सगळे कर मिळून साडेपाच टक्क्यांचं साडेसत्तावीस झालं. विधानसभा निवडणूक तोंडावर होती आणि प्रचारसभांतून सोयाबीनला ६,००० रुपयांचा शब्द दिला जात होता. आम्ही ऐकला, आणि विश्वास ठेवून पेरा वाढवला. पुढच्या वर्षी ३० मे २०२५ ला तेच शुल्क साडेसोळा टक्क्यांवर आलं. ३० मे म्हणजे काय असतं ते दिल्लीत कुणाला माहीत आहे का? घरात बियाणं आलेलं असतं, रान तयार असतं, आणि आठ दिवसांनी मृग निघतो. बाहेरचं तेल स्वस्त झालं, आणि त्या दिवशीच माझ्या अकरा क्विंटलचा भाव ठरून गेला. मी अजून दाणा जमिनीत टाकला नव्हता.

शुल्क का कमी केलं, तर गृहिणीला तेल स्वस्त मिळावं म्हणून. साहेब, ज्या गृहिणीचं नाव तुम्ही प्रत्येक वेळी पुढं करता, ती मीच आहे. दिवाळीच्या शंकरपाळ्या तळायला दुकानातून तेलाचा पुडा मीच आणला. जूनमध्ये आमच्या दुकानात पुडा १३८ ला होता, दिवाळीला १४० ला. लिटरचा समजून घेतला, घरी येऊन वाचलं तर ८५० ग्रॅमचा निघाला. छत्तीस-साडेछत्तीस रुपये किलोनं मी सोयाबीन घातलं आणि या भावानं तेल आणलं. शुल्क कमी झालं त्याचा फायदा माझ्या कढईपर्यंत आला नाही, तोटा मात्र माझ्या खळ्यापर्यंत बरोबर पोचला. मधल्या मध्ये तो कुणाच्या घरी उतरला, याचा हिशोब कुठल्याच मंत्रालयानं आजवर मला दाखवलेला नाही.

माझ्या आईच्या घरी, परभणी जिल्ह्यात, रब्बीला करडई असायची. काटेरी पीक, काढायला हाताला कापड गुंडाळावं लागायचं. दोन पायल्या करडई डोक्यावर घेऊन आम्ही घाण्यावर जायचो आणि तेल घेऊन यायचो, पेंड म्हशीला. वर्षाचं तेल रानातून यायचं. १९८६ ला देशात तेलबियांचं तंत्रज्ञान अभियान सुरू झालं आणि नव्वदीच्या सुरुवातीला देशाला लागणारं जवळजवळ सगळं खाद्यतेल देशातच तयार होत होतं. मग पामतेलाची आयात खुली झाली, १९९५ ला जागतिक व्यापार संघटना आली, २०१० पासून आग्नेय आशियातल्या आसियान देशांशी मुक्त व्यापार सुरू झाला. आज आपण वर्षाला दीड कोटी टनांहून जास्त तेल बाहेरून आणतो. इंडोनेशिया-मलेशियाचं पाम, अर्जेंटिना-ब्राझीलचं सोयाबीन, रशिया-युक्रेनचं सूर्यफूल. निम्म्याहून जास्त कढई परदेशी तेलावर चालते. आमच्या गावातला घाणा बंद पडून किती वर्षं झाली ते मला मोजतासुद्धा येत नाही.

नेपाळचं तर मला समजावूनच सांगा. शेजाऱ्यांशी करार आहे म्हणून तिथलं रिफाइंड तेल बिनशुल्क येतं. नेपाळच्या डोंगरात एवढं सोयाबीन पिकतं का? ते कच्चं तेल बाहेरून आणतात, शुद्ध करतात आणि आमच्याकडे पाठवतात. शेजारधर्माला माझा विरोध नाही. पण तो धर्म माझ्या राशीवर का पाळला जातो?

आम्हाला म्हणतात, स्पर्धा करा, उत्पादकता वाढवा. ब्राझीलचा शेतकरी एकरी तेरा-चौदा क्विंटल काढतो, आपल्या देशाची सरासरी चार क्विंटलच्या आसपास आहे. खरं आहे. पण त्याचं बियाणं जनुक बदललेलं आहे, ते पेरायला आपल्या देशात परवानगी नाही. त्याच बियाण्याचं तेल आणायला परवानगी आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये, सोयाबीन दहा हजारांच्या पुढं गेलं तेव्हा, तसल्याच सोयाबीनची बारा लाख टन पेंड आणायलाही परवानगी दिली गेली. कोंबडीवाले अडचणीत होते म्हणे. पेरलं तर गुन्हा आणि आयात केलं तर धोरण, हा न्याय मला कुठल्याही अधिकाऱ्यानं समजावून सांगावा. शंभर किलो सोयाबीनात तेल निघतं अठरा-वीस किलो, बाकी पेंडच. म्हणजे आमचा भाव पेंडीवरच उभा असतो. आता इथेनॉलच्या कारखान्यांतून मक्याचा आणि तांदळाचा जो चोथा निघतो, तो कोंबडीखाद्यात पेंडीपेक्षा स्वस्त पडतो. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल घातल्याचं कौतुक होतं, त्याचा एक चटका आमच्या सोयाबीनला बसला हे कोण सांगणार?

माझा भाऊ माहेरी कापूस लावतो. १८ ऑगस्ट २०२५ ला कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं, आधी ३० सप्टेंबरपर्यंत. दहा दिवसांनी मुदत वाढवली ३१ डिसेंबरपर्यंत. परभणीची पहिली वेचणी दसऱ्याला येते. बरोबर तेवढे महिने दरवाजा उघडा! कारण काय, तर अमेरिकेनं आपल्या मालावर ५० टक्के कर लावला, तमिळनाडूतल्या तिरुपूरचे कपड्याचे निर्यातदार अडचणीत आले. अमेरिकेनं मारलं तिरुपूरला, वळ उठले परभणीच्या पाठीवर. तिरुपूरच्या शिलाई मशीनवर बसणारी बाईही माझ्यासारखीच आहे, तिचं काम जाऊ नये असंच मला वाटतं. पण तिला वाचवायचे पैसे सरकारी तिजोरीतून द्यायचे सोडून माझ्या भावाच्या झोळीतून का काढता? त्यानं कापूस ६,८०० नं घातला. लांब धाग्याचा २०२५-२६ चा हमीभाव ८,११०.

हा एकट्या सोयाबीन-कापसाचा प्रश्न नाही. माझा मुलगा आयटीआय करून चाकणला गेला. त्याच्या कंपनीतले गाड्यांचे सुटे भाग जहाजानं परदेशात जातात. आम्हाला त्याचा अभिमान आहे. पण तो कंत्राटदाराचा माणूस, कंपनीचा नाही. सात महिने झाले की ब्रेक, मग पुन्हा नवीन कार्ड. सोळा हजारांतले साडेतीन खोलीला जातात, एका खोलीत पाच जण. आमच्या वाडीतली कोयत्याची टोळी दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेऊन कर्नाटकात गेली, लेकरांसकट. जग जवळ आलं असं तुम्ही भाषणात म्हणता. आमच्या गावातून जगाकडे जायच्या वाटा मला एवढ्याच दिसतात, एक कंत्राटदाराच्या गाडीतून आणि एक मुकादमाच्या ट्रॅक्टरमधून. मराठवाड्याचा अनुशेष दांडेकर समितीनं १९८४ मध्ये मोजला, केळकर समितीनं पुन्हा मोजला. वैधानिक विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली, ती संपलेलीच आहे. मोजणाऱ्यांचे केस पांढरे झाले. पुराच्या मदतीची घोषणा ३१,६२८ कोटींची झाली. आमच्या खात्यावर आजपर्यंत ८,५०० जमा आहेत.

कुणाला विचारावं, तेही कळत नाही. करार तुमचं मंत्रालय करतं, शुल्काची अधिसूचना अर्थ मंत्रालय काढतं, महागाई अन्न मंत्रालय बघतं, हमीभाव कृषी मंत्रालय सुचवतं आणि खरेदी राज्याच्या गळ्यात. गेल्या महिन्यात मी तालुक्याला विचारलं, त्यांनी जिल्ह्याला विचारा म्हटलं, जिल्ह्यानं सांगितलं दिल्लीचा विषय आहे. म्हणून दिल्लीला लिहितेय. कुणीतरी एक जण म्हणा ना, हो, हे आम्ही केलं.

मी काही सगळी आयात बंद करा म्हणत नाही. एवढं तेल उद्या सकाळी देशात पिकणार नाही, हे मला कळतं. मी एवढंच मागते की तेलबियांवरचं शुल्क मृगाच्या आधी जाहीर करा आणि माल घरातून बाहेर पडेपर्यंत त्याला हात लावू नका. बाजार हमीभावाखाली गेला की शुल्क आपोआप चढलं पाहिजे, त्यासाठी आम्हाला रस्त्यावर बसायची वेळ येऊ नये. खरेदी केंद्र दसऱ्याला उघडा. आणि अमेरिकेशी बोलणी चालू आहेत असं रोज वाचते. त्यात मका-सोयाबीनचा विषय निघाला, तर सही करायच्या आधी आम्हाला कळवा. सही झाल्यावर मोबाईलवर बातमी वाचायची पाळी आमच्यावर आणू नका.

आता तूर फुलोऱ्यातून शेंगेत आलीय. तिचा २०२५-२६ चा हमीभाव ८,०००, आणि परदेशी तुरीला ३१ मार्च २०२६ पर्यंत बिनशुल्क दार उघडं ठेवलंय. मोझांबिक, म्यानमार, मलावीची तूर माझ्या तुरीच्या आधी बंदरात लागलेली असेल. त्याचं काय करायचं ते तुम्ही ठरवाल. तुरीची नोंदणी जवळ आलीय, म्हणून माझा एकच प्रश्न तेवढा घाईचा आहे: मामंजींचा अंगठा मशीननं पुन्हा घेतला नाही, तर त्यांची तूर कुणाच्या नावानं मोजायची, ते लेखी कळवा. कागद दाखवल्याशिवाय केंद्रावर कुणी ऐकत नाही.

आपली,
मांजरा काठची एक शेतकरी बाई,
जि. लातूर
नोव्हेंबर २०२५