पऱ्ह्याच्या पाण्यातील सूक्ष्म मूलद्रव्ये

महोदय, कोकणात पऱ्ह्याचे (लहान ओढ्याचे) पाणी नितळ दिसले की ते शुद्धच मानले जाते. मात्र बेसॉल्ट खडकाची झीज होऊन जांभा बनताना कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बरीचशी सिलिका पावसाच्या पाण्यात विरघळून वाहून जाते, तर लोह व ॲल्युमिनियम मागे उरतात आणि क्रोमियम, निकेल, व्हॅनेडियम यांचा मोठा अंश लोहाच्या ऑक्साइडांना चिकटून राहतो. प्राणवायू कमी असलेल्या गाळात हे ऑक्साइड विरघळू लागले की धरून ठेवलेले धातूही सुटून पाण्यात उतरू शकतात. झऱ्याच्या तोंडाशी साचणारा तांबूस थर (तो अनेकांनी पाहिला असेल) विरघळलेल्या लोहाचीच खूण असते. पिण्याच्या पाण्यात निकेलची भारतीय मर्यादा लिटरला अवघी 0.02 मिलिग्रॅम असल्याने, ग्रामपंचायतींनी या धातूंची तपासणी पावसाळ्यात आणि वैशाखात अशी दोनदा करून घ्यावी, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, राजापूर