तेवीस किल्ले

सातारा,
रविवार

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या पत्राला पंधरवडाभर उत्तर गेले नाही, त्याला कारण चौथीचा वर्ग आणि दोन पोती शाडूची माती. पुरंदरचा तह मी इतकी वर्षे फळ्यावरच शिकवत आलो : सन १६६५, २३ किल्ले आणि चार लक्ष होनांचा मुलूख मोगलांना, १२ किल्ले महाराजांकडे. मुले घोकत, पेपरात लिहीत आणि विसरून जात. (आपण तरी दुसरे काय केले होते?)

यंदा गणपतीच्या कारखान्यात उरलेली माती आणून पस्तीसच्या पस्तीस किल्ले मुलांकडूनच करवून घेतले. दिवाळीच्या किल्ल्याची सवय असल्यामुळे बुरूज वळायला कोणाला शिकवावे लागले नाही. लोहगड ज्या मुलीकडे होता, तिची विंचूकाटा माची वाळताना दोनदा तुटली. तिसऱ्या वेळी तिने मातीत आगपेटीची काडी घातली आणि माची टिकली.

मग नाटक. संवाद मी लिहून दिलेच नाहीत. दिलेरखानाचा वेढा पडला आहे, वज्रगड गेला आहे, मुरारबाजी पडले आहेत, एवढे सांगितले आणि मिर्झाराजे जयसिंगांना खुर्चीवर बसवले. सगळ्यांना अफजलखानाचाच प्रसंग हवा होता, कारण त्यात वाघनखे असतात. पण लढाईच्या नाटकात मुले नुसती ओरडतात, तहात त्यांना विचार करावा लागतो, असे माझे मत होत चालले आहे. कोणते किल्ले द्यायचे, यावर खरोखरीची घासाघीस झाली. एक जण म्हणाला, ज्यांवर पाणी कमी असेल ते आधी देऊन टाकू. मी यादी वाचायला लागलो आणि महाराज झालेला मुलगा एकेक किल्ला ताटात घालून माझ्या टेबलावर आणून ठेवू लागला, तसा वर्ग गप्प होत गेला. लोहगडाची पाळी आली, तेव्हा त्या मुलीने त्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "सर, हा नको, याच्याऐवजी माझ्याकडून दोन करून घ्या." तोरणा करणाऱ्याचा किल्ला वाचला होता, तरी तो खाली मान घालून बसला होता.

ते २३ किल्ले मी कपाटात कुलपात ठेवले आहेत. कोंढाणा आणि लोहगड १६७० साली परत आले, पण तो धडा यायला अजून दोन आठवडे आहेत. तोवर ती मुलगी रोज मधल्या सुट्टीत येते आणि कपाटाच्या काचेतून माची शाबूत आहे ना, ते पाहून जाते.

वहिनींना नमस्कार.

तुझाच,
मास्तर