काकी, तुमच्या कुळागरातलं पिल्लू फळलं

प्रिय काकी,

मंगळवारी सकाळी गच्चीचं दार उघडलं आणि वास थेट जिन्यात आला. अननसाच्या खालच्या तीन ओळींतले डोळे पिवळे झाले होते, वरचे अजून हिरवट. लगेच तुम्हाला फोन करणार होते, पण फोनवर आपण दोघी नेहमी पाणी आणि खतापाशीच अडकतो. मनातलं राहून जातं, म्हणून हे पत्र.

दोन वर्षांपूर्वी आम्ही गोव्यात सावईवेऱ्याला तुमच्या दारात गाडी थांबवली ती फक्त चार अननस घेण्यासाठी. बोलता बोलता मी सांगितलं, की पुण्याला मी अननसाचं बी पेरलं होतं, इंटरनेटवरून मागवलेलं, पाकिटावर पिकलेल्या फळाचं चित्र होतं. पण चार महिन्यांत काहीच उगवलं नाही. तुम्ही कोयता खाली ठेवलात. "बी कसलं गो? अननस पिल्लांवर वाढतो," म्हणालात आणि माझा हात धरून कुळागरात, म्हणजे तुमच्या सुपारीच्या बागेत, सावलीत घेऊन गेलात.

तिथे एका फळलेल्या झाडापाशी बसून तुम्ही जे दाखवलंत, ते मला कुठल्याच व्हिडिओत दिसलं नव्हतं. पानांच्या बेचक्यातून निघालेलं दणकट पिल्लू, फळाच्या देठाला बिलगलेली बारकी पिल्लं आणि फळाच्या डोक्यावरचा तुरा. तिन्हींतून झाड होतं, पण वेळ सारखा लागत नाही. बुंध्याजवळचं पिल्लू दीड वर्षात फळाला येतं, तुरा दोन वर्षंही घेतो. एक झाड एकदाच फळतं आणि मग त्याच्या कुशीतलं पिल्लू त्याची जागा घेतं.

मग तुम्ही एक फळ कापलंत आणि एकेक डोळा म्हणजे एकेक फूल, असं सांगितलंत. डोळ्याच्या खळग्यातले ते तपकिरी वाळके धागे कोयत्याच्या टोकानं काढून माझ्या तळव्यावर ठेवलेत. मी आजवर त्यांना घाण समजून कापून टाकत होते. ते जांभळ्या-निळ्या फुलाचे अवशेष होते! शेकडो फुलं एकमेकांत मिसळून एक फळ होतं, हे तेव्हा माझ्या डोळ्यांना पटलं.

बी का नसतं, ते घरी येऊन वाचलं. अननसाचं फूल आपल्याच वाणाच्या परागाला दाद देत नाही. तुमच्या कुळागरातली सगळी झाडं पिल्लापासून पिल्लू अशीच वाढलेली, म्हणजे मुळात एकाच झाडाची. फळ मात्र परागाशिवायही धरतं. दक्षिण अमेरिकेत, त्याच्या मूळ मुलखात, हमिंगबर्ड एका जातीचा पराग दुसरीपर्यंत नेतात, तेव्हा कुठे बारीक टणक बिया होतात. पोर्तुगीजांनी हे फळ इकडे आणलं, नावही दक्षिण अमेरिकेतल्या तुपी लोकांच्या भाषेतलंच. जहांगीर बादशहानं आत्मचरित्रात लिहिलंय, की आग्र्याच्या गुलअफशां बागेत दरवर्षी हजारो अननस निघत. ते वाचताना मला तुमचा हात आठवला. कुणीतरी कुणाला पिल्लू काढून दिल्याशिवाय हे झाड पुढे जातच नाही.

तुम्ही मला दोन दिलीत, वर्तमानपत्रात गुंडाळून, आणि पैसे घेतले नाहीत. "चार दिवस सावलीत सुकव, जखम भरू दे, मग लाव," एवढंच बजावलंत. त्याआधी मी एक तुरा ओलाच मातीत खोचला होता, तो आठवड्यात कुजला. या वेळी खालची पानं सोलली, तर बुंध्यावर मुळांचे तपकिरी ठिपके आधीच तयार होते. अर्धी माती, अर्धी जाड वाळू. पाणी कुंडीत कमी आणि पानांच्या पोटात थोडं, हेही तुमचंच.

जुलै 2023 मध्ये दोन्ही लावली. दुसऱ्या पावसाळ्यानंतरही काही हालचाल नव्हती, तेव्हा कुणी म्हणालं इथरेल घाल, फूल धरायला लावणारं औषध. तुम्ही म्हणालात, बागेत सगळी फळं एकदम हवी असतील तर ते ठीक, तुझी दोनच झाडं आहेत, थंडीतल्या लांब रात्री येऊ देत, फूल आपोआप धरेल. जानेवारी 2025 मध्ये मधोमध तांबूस बोंड दिसलं. पुढे रोज खालून वर थोडी थोडी फुलं उमलायची, एकेक जेमतेम दिवसभर. चहाचा कप घेऊन मी तिथेच बसायचे. ऑफिसला दोनदा उशीर झाला.

कच्चं काढलं तर नंतर गोडी वाढत नाही, म्हणून पिवळेपणा वर चढेपर्यंत आणखी पाच दिवस थांबले. वजन 780 ग्रॅम. आईला दात नाहीत, तिच्यासाठी मधला दांडा काढून अगदी पातळ फोडी केल्या. तिनं तीन खाल्ल्या आणि चौथी मागितली. गेले सहा महिने ती स्वतःहून काही मागत नव्हती, काकी. हे तुम्हाला सांगायचंच होतं.

तुमचे मनापासून आभार.

दुसरं झाड अजून फुललेलं नाही, पण निरोगी आहे. फळलेल्या झाडाला तीन पिल्लं आलीत. एक खालच्या मजल्यावरच्या आजोबांना दिलं, चार दिवस सुकवायला सांगून. एक सुकत ठेवलंय. तिसरं बुंध्यालाच आहे, ते काढायचं नाही असं तुम्ही म्हणाला होतात.

तुमची,
पुण्याची गच्चीवाली