उपकरण ‘रक्तस्राव नाही’ म्हणाले, तर रुग्णाला घरी पाठवायचे का?

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

डोक्याला मार लागलेल्या रुग्णाच्या कवटीच्या आत रक्तस्राव किंवा सूज आहे का, हे मिनिटाभरात सांगू शकणाऱ्या ‘सेरेबो’ या हातात मावणाऱ्या उपकरणाच्या बातम्या २०२५ साली वृत्तपत्रांत झळकल्या. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद), भोपाळचे एम्स, बंगळुरूची मेंदू व मनोविकारांवरील संस्था निम्हान्स आणि बायोस्कॅन रिसर्च ही कंपनी अशा नामवंतांनी एकत्र येऊन ते विकसित केले आहे. ग्रामीण रुग्णालयाचा अपघात विभाग अनेक वर्षे सांभाळलेल्या माझ्यासारख्या माणसाला याचा आनंद होणे स्वाभाविक आहे. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांत दुचाकीवरील लोकांचा वाटा सर्वांत मोठा होता. तालुक्याच्या ठिकाणी मात्र रात्री सीटी स्कॅन मिळणे आजही दुरापास्तच असते. तरीही अशा उपकरणांच्या चाचण्या कुठे, कोणत्या रुग्णांवर आणि किती वेळाने व्हाव्यात, याची चर्चा त्यांच्या कौतुकाइतकी होत नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

या तंत्राचे तत्त्व सोपे आहे. अवरक्त किरण त्वचा आणि हाड पार करून काही अंतर आत जातात. साकळलेले रक्त हे किरण आजूबाजूच्या ऊतींपेक्षा जास्त शोषून घेते. त्यामुळे डोक्याच्या डाव्या आणि उजव्या बाजूच्या समान जागा तपासून दोन्हींतला फरक मोजला, की संशय घेता येतो. याच तत्त्वावर चालणाऱ्या ‘इन्फ्रास्कॅनर’ला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २०११ मध्ये परवानगी दिली. त्या वेळी प्रशासनाने जाहीर केलेल्या आकड्यांनुसार, सीटी स्कॅनमध्ये दिसलेल्या रक्तस्रावांपैकी सुमारे ७५ टक्के या उपकरणाने ओळखले आणि सीटीत काहीच नसलेल्यांपैकी ८२ टक्क्यांना ‘नाही’ असे बरोबर सांगितले. म्हणजे चारांतला एक रक्तस्राव निसटला. हे उपकरण सीटीला पर्याय नाही, हेही प्रशासनाने तेव्हाच बजावले होते.

निसटण्याची कारणे तंत्रातच आहेत. त्या उपकरणाला साडेतीन मिलिलिटरपेक्षा मोठा आणि मेंदूच्या पृष्ठभागापासून अडीच सेंटिमीटरच्या आत असलेला रक्तस्रावच पकडता येतो. खोलवरचा रक्तस्राव त्याच्या आवाक्याबाहेर राहतो. दोन्ही बाजूंना सारखेच रक्त साकळले असेल, तर तुलनेवर चालणारे यंत्र फसू शकते, आणि टाळूखाली आलेले साधे टेंगूळही त्याला चकवू शकते. केस हा तर रोजचा अडथळा आहे. रक्ताने चिकटलेली, तेल लावलेली घट्ट वेणी सोडवून, भांग पाडून प्रकाशाचे टोक थेट त्वचेला टेकवायचे, तेही रुग्ण हातपाय झाडत असताना आणि परिचारिका एकटी असताना! प्रयोगशाळेतले एक मिनिट आमच्या कॅज्युअल्टीत किती लांबते, हेही चाचणीत मोजले गेले पाहिजे. करोनाकाळात घरोघरी पोहोचलेल्या ऑक्सिमीटरबद्दल २०२० साली अमेरिकेत जे आढळले तेही विसरून चालणार नाही: कृष्णवर्णीय रुग्णांमधील ऑक्सिजनची धोकादायक कमतरता ते यंत्र गोऱ्यांच्या तुलनेत जवळपास तिप्पट वेळा चुकवत होते. प्रकाशावर चालणाऱ्या प्रत्येक उपकरणाला हा प्रश्न विचारावा लागतो, आणि आपल्या देशात त्वचेच्या छटा काही कमी नाहीत.

माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा वेळेचा आहे. मोठ्या रुग्णालयातली चाचणी ही तिथवर पोहोचलेल्या रुग्णांवर होते. तोवर काही तास उलटून रक्तस्राव वाढलेला असतो. १०८ रुग्णवाहिकेत किंवा तालुक्याच्या रुग्णालयात तोच रुग्ण अर्ध्या तासात समोर येतो, तेव्हा साकळलेले रक्त उपकरणाच्या मर्यादेपेक्षा कमी असू शकते. मोटारसायकलवरून पडलेला तरुण शुद्धीवर येतो, चहा मागतो, ‘डॉक्टर, मी ठणठणीत आहे’ म्हणतो आणि दोन तासांनी त्याच्या एका डोळ्याची बाहुली मोठी होते, म्हणजे मेंदूवर दाब वाढल्याची खूण दिसते, हे कॅज्युअल्टीत काम केलेल्या कोणालाही नवे नाही. अशा तरुणाच्या नातेवाइकांना रात्री जिल्ह्याला जाणे नकोच असते, खर्चही परवडत नसतो. त्यात उपकरणाने ‘काही नाही’ म्हटले, तर ते सही करून त्याला घरी नेणार. आणि दारू प्यायलेला असेल, तर ‘नशा उतरेल, झोपू द्या’ म्हणायला सगळेच मोकळे. ‘आहे’ असे चुकीचे निदान झाले, तर फार तर एक फेरी आणि एक सीटी वाया जाईल. ‘नाही’ असे चुकीचे निदान जिवावर बेतू शकते.

म्हणून चाचण्या प्रत्यक्ष वापराच्या जागी, म्हणजे ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांत आणि रुग्णवाहिकांत व्हाव्यात. उपकरणाने ‘नाही’ सांगितलेल्यांचाही सीटी स्कॅन ठरलेल्या वेळेत झालाच पाहिजे. तसा तो झाला नाही, तर निसटलेले रक्तस्राव कोणाला कळणारच नाहीत आणि यंत्राची अचूकता कागदावर फुगत जाईल. काही तासांच्या अंतराने पुन्हा मोजणी करावी. या सीटीचा आणि रुग्णाला नेण्या-आणण्याचा खर्च रुग्णाच्या माथी मारू नये. तो प्रकल्पाच्या अंदाजपत्रकातच धरावा. बेशुद्ध रुग्णाच्या वतीने संमती देणाऱ्या नातेवाइकाला कागद मराठीत वाचून दाखवावा आणि उपकरण लावण्यासाठी रुग्णाचे रेफर करणे एक मिनिटही लांबवू नये. देशात रुग्णांवरील औषधचाचण्यांची नोंद सीटीआरआय या वैद्यकीय चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत करणे २००९ पासून सक्तीचे आहे. उपकरणांच्या अशा प्रत्येक चाचणीचीही आगाऊ नोंद तिथे दिसावी आणि निसटलेल्या प्रत्येक रक्तस्रावाची जागा, आकार व वेळ निकालांसोबत प्रसिद्ध व्हावी.

गर्भवती आणि तान्ह्या बाळांना क्ष-किरणांपासून वाचवणारे हे साधन आहे. दोन अपघातग्रस्तांमधून आधी कोणाला हलवायचे हे ठरवायलाही त्याचा मोठा उपयोग होईल, याबद्दल मला शंका नाही. राज्याच्या आरोग्य विभागाने खरेदीची निविदा काढण्यापूर्वी, उपकरणाने ‘नाही’ सांगितल्यावर रुग्णाला किती तास निरीक्षणाखाली ठेवायचे आणि कोणत्या लक्षणांवर उपकरणाकडे न पाहता थेट रेफर करायचे, याचे लेखी आदेश प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाला द्यावेत, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त वैद्यकीय अधिकारी, जि. सातारा